मागच्या खोलीतलं मांजर

मूल ज्या गादीवर झोपतं ती किती वर्षांची आहे, असा त्या छापील कागदावर सातवा प्रश्न होता, आणि मी ठोकून दिलं, सहा महिने. हात अडखळला नाही. तीस वर्षं मी गाद्या भरतोय, लोकांचे बसके सोफे उसवून पुन्हा शिवतोय. गादीचं वय मला विचारणारा हा कागद कोण लागून गेला, अशा तोऱ्यात मी एकामागून एक चौकोनांत खुणा करत चाललो होतो. घरात कुणी सिगारेट ओढतं का? नाही. भिंतींना ओल आहे का? नाही. होती, पण मागच्याच महिन्यात मी तिच्यावर रंग मारला होता, आणि रंगाखाली काय चाललंय ते भिंतीचं भिंत बघून घेईल. पाळीव प्राणी? नाही. घराजवळ रहदारीचा रस्ता? आता रस्ता आहे म्हटल्यावर त्यावर रहदारी असणारच. तिथं मी 'थोडी' असं लिहिलं. रविवारची सकाळ होती, साडेदहा वाजले असतील, दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि मागच्या खोलीत आम्ही दोघंच. मी आणि माझी लेक ठकी. मी मान वर केली तर ती खुर्चीवर उलटी बसलेली. पाय दोन्ही बाजूंनी सोडलेले, छाती खुर्चीच्या पाठीला टेकवलेली, वरच्या दांडीवर हनुवटी, कोपरं बाहेर, आणि प्रत्येक श्वासाला खांदे किंचित, अगदी किंचित, वर उचलले जात होते. मी विचारलं, अशी काय बसलीस? ती म्हणाली, असंच, बरं वाटतं. माझं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं आणि तिथं शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

असं बसणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं होतं आणि तिला जाऊन छत्तीस वर्षं झाली. मी ठकीला विचारलं, शाळेत कुणी बसतं का गं असं, टीव्हीवर पाहिलंस का? ती म्हणाली, नाही बाबा, मीच शोधून काढलं. अभिमानानं म्हणाली. नाक आईचं, कान बापाचे, असं लोक तिच्या तोंडाकडे बघून कौतुकानं सांगतात. बसणं कुणाचं, हे सांगू शकेल असं माझ्या घरातलं आता कुणी उरलेलं नाही, मी सोडून. आणि मी ते कधी सांगितलं नव्हतं. ताईचं नाव मी या पोरीपुढे कधी काढलेलंच नव्हतं. तिच्या आईपुढे काढलं होतं, लग्नाआधी एकदा, भिंतीवरचा फोटो बघून ही कोण असं तिनं विचारलं तेव्हा. माझी मोठी बहीण, मी म्हणालो, लहानपणी गेली, ताप डोक्यात गेला. आमच्या घरी हे वाक्य तयारच असायचं. सुई-दोऱ्यासारखं हाताशी.

ठकी सात वर्षांची. तिचं खरं नाव दप्तरावर आहे, तिथं ते ठीक दिसतं. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी ताठ आणि गंभीर होती, मी ठकी म्हणालो आणि ते चिकटलं. दोन वर्षं झाली, ती आणि तिची आई वेगळ्या राहतात. भांडण झालं म्हणावं तर तेही धड झालं नाही. तिची आई म्हणायची, तुझ्याशी बोलणं म्हणजे गादीवर बुक्का मारणं, आवाजही येत नाही आणि खूणही राहत नाही. ती तेव्हा सलूनमध्ये केस कापायची आणि जीभही तशीच चालवायची, पण उगीच म्हणत नव्हती. मी खरोखरच कशाचा आवाज होऊ देत नाही. लग्नानंतर वर्षभर तिला वाटायचं की मी घोरतो. घोरत नव्हतो, हिवाळ्यात छाती वाजायची, आणि ती वाजू नये म्हणून मी कुशीवर वळून उशीत तोंड खुपसून पडायचो. विचारलं तर म्हणायचो, धंद्याचा खोकला, कापूस जातो नाकातोंडात. यात खोटं काही नाही. फक्त दुकानात पहिल्यांदा हात घातला त्याच्या दहा वर्षं आधीपासून तो खोकला मला होता, एवढंच सांगायचं राहून गेलं.

तर रविवार. सकाळी दहाला तिची आई तिला शटरपाशी सोडते, संध्याकाळी सहाला घेऊन जाते. या आठ तासांवर माझे उरलेले सहा दिवस टांगलेले असतात, हे मी कुणाला सांगत नाही, सांगायला कोण आहे म्हणा. सोमवारी मी तिचा दुधाचा कप विसळत नाही. मंगळवारीही नाही. तळाशी साय वाळून त्याचा नकाशा होतो, तो बघत मी उभ्याउभ्या जेवतो. बुधवार-गुरुवारकडे लाज वाटून विसळतो. आठवडाभर माझं बोलणं गिऱ्हाइकांशी, म्हणजे सोफ्यांविषयी. लोक म्हणतात, सोफा बसला हो. आपण बसून बसून तो बसवला असं कुणी म्हणत नाही. आत उसवल्यावर काय काय सापडतं! केसांच्या पिना, पेन्सिलींचे तुकडे, एकदा दुधाचा दात, एकदा अर्धं लिहिलेलं पत्र, आणि सगळीकडे ती करडी मऊ धूळ, जी माणसांचीच असते. धुळीतलं मला कळतं. घरात किती जण आहेत, मूल आहे का, कुत्रं आहे का, म्हातारं माणूस कुठल्या कोपऱ्यात बसतं, हे मी नुसती धूळ बोटात चोळून सांगतो. आणि मीच त्या कागदावर लिहितो, सहा महिने.

कागद बुधवारी मिळाला. लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे तिघंही गेलो होतो. ठकीला गेल्या चार महिन्यांत तीनदा रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. तिसऱ्या वेळी नखं निळी झाली होती. तिच्या आईनं वही ठेवली आहे, कोणत्या दिवशी खोकला, कोणत्या दिवशी धाप, पंपाचे किती दाब दिले. वही डॉक्टरीणबाईंसमोर उघडून तिनं बोट ठेवलं, माझ्याकडे न बघता. रविवार रात्र, सोमवार. रविवार रात्र, सोमवार. बाईंनी विचारलं की रविवारी मूल कुठं असतं, आणि मी हात वर करावा तसा बोललो, माझ्याकडे. व्यवसाय सांगितला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग दोन कागद काढले, एक आईनं भरायचा, एक वडिलांनी, आणि समजावून सांगितलं की अशा आजारात काही गोष्टी घरातल्या हवेच्या असतात आणि काही रक्तातून येतात, दोन्ही माहीत झाल्याशिवाय त्या पुढचं ठरवणार नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उजेड कसला, पळवाट. मी विचारलं, समजा रक्तातूनच आलेलं असेल, तर मग खोलीचा काही दोष नाही, असंच ना?

"उलट," बाई म्हणाल्या. "दुसरं एखादं मूल त्या धुळीत खेळून नुसतं शिंकेल. जिच्या रक्तात आहे तिला तीच धूळ जड जाते. तसं असेल तर निदान सध्या तरी तिनं तुमच्या दुकानात पाऊल टाकू नये."

एवढं सरळ होतं. खोली निर्दोष ठरवायची तर दुसऱ्या कशावर तरी बोट दाखवावं लागणार, आणि माझ्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, तीच खोलीला फासावर देणारी. एकोणिसावा प्रश्न: मुलाच्या वडिलांकडच्या नात्यात कुणाला दमा, सतत खोकला, छातीची घरघर आहे का अथवा होती का? असल्यास नातं आणि वय लिहा. मी 'नाही' लिहिलं तर रविवार वाचत होता. निदान हा तरी, निदान पुढचे काही. सकाळी शटरपाशी ठकीचं दप्तर माझ्या हातात देताना तिची आई म्हणाली होती, "कागद आत आहेत. खरं खरं लिही. रविवारचं त्यावर ठरणार आहे." तिनं धमकी म्हणून नाही सांगितलं, दमली होती. आणि मी मान डोलावून आत येऊन खुणा करत सुटलो होतो, आणि एकोणिसाव्या चौकोनाच्या तोंडाशी असताना या पोरीनं खुर्ची उलटी केली.

आमच्या घरी दमा हा शब्द नव्हता. साखर, कात्री, देव हे शब्द होते, हा नव्हता. ताईची छाती भरली, असं म्हणायचे. बाहेरच्यांना, तिचं सर्दीचं अंग आहे. बाबा कापूस पिंजायचे पुढच्या खोलीत, आम्ही राहायचो मागच्या खोलीत, मधे एक जाड पडदा, आणि पडद्याला कापूस अडतो असं समजण्याची पद्धत होती. सकाळी उठल्यावर आमच्या भुवया पांढऱ्या असत. ताई त्या पुसून मला म्हणायची, म्हातारबुवा उठा. आईला भीती आजाराची नव्हती, गिऱ्हाइकांची होती. ज्या घरात खोकला आहे त्या घरात भरलेल्या गादीवर कोण निजणार? एकदा का बोभाटा झाला की दुसऱ्या दिवशी दुकानाला टाळं. आईचं चुकत होतं असं आजही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, लोक खरोखरच तसे असतात. म्हणून आम्हाला शिकवलं होतं: पुढं गिऱ्हाईक आलं की उशीत खोकायचं. उशी तोंडावर घट्ट धरायची आणि आत खोकायचं, आवाज कापसात जिरतो. आम्ही दोघंही पटाईत होतो. मी जास्त, कारण माझी छाती ताईइतकी वाईट नव्हती. ताईला उशीनं अजून घुसमटायला व्हायचं, तेव्हा तिनं तिचं ते बसणं शोधून काढलं. उलट्या खुर्चीवर. मीच शोधून काढलं, असं तीही म्हणाली होती का? म्हणाली असेल. मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचाच आता राग येतो.

त्या दिवशी दुपारी बाबा गादी पोचवायला गेले होते आणि पुढं एक बाई अभ्र्याचं कापड निवडत होती. तपकिरी की हिरव्या रेघांचं. आई तिला दोन्ही उलगडून दाखवत होती. ताई खुर्चीवर उलटी बसली होती, मी खाली जमिनीवर, तिच्या पायाशी. लक्ष ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे तिच्यावर नव्हे, आवाजावर. तिच्या छातीतून बारीक शीळ यायला लागली, मांजराचं पिल्लू दूर कुठं अडकलं असावं तशी. मी ओठांवर बोट ठेवलं. ती माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली, हो म्हणाली, हो, करते बंद, आणि ती खरोखरच बंद करायचा प्रयत्न करत होती. अकरा वर्षांची मुलगी स्वतःचा श्वास हळू करून बघत होती. पुढून त्या बाईचा आवाज आला, मांजर पाळलंय वाटतं? आणि आई म्हणाली, हो, आहे एक. मग पुन्हा कापड. हिरव्याचा रंग जातो का हो? नाही, अजिबात नाही. ताईनं माझं मनगट धरलं. मी आईला हाक मारली नाही, मी उठलो नाही, पडदा बाजूला केला नाही. थोड्या वेळानं शीळ थांबली. मला वाटलं, बरं वाटलं तिला. मी खूश झालो, की आता आई रागावणार नाही.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. ताप डोक्यात गेला. मी आठ वर्षांचा होतो, माझ्याकडून कुणी काही वदवून घेतलं नाही, शपथ वगैरे घातली नाही. आईनं एकदा माझ्यासमोर शेजारणीला ते वाक्य सांगितलं आणि मला कळलं की आता हे असं आहे. त्यानंतर घरात मांजर येऊ दिलं नाही, एवढंच. बाबा गेले, धंदा माझ्याकडे आला, आणि गेल्या वर्षी आई गेली तेव्हा घर रिकामं करताना न्यावंसं वाटलं असं एकच सापडलं, माळ्यावर गुंडाळून ठेवलेली आमची गादी. त्या गादीवर ताई आणि मी निजायचो. कापूस असा उत्तम की विचारू नका, लांब धाग्याचा, हल्ली असा बघायलाही मिळत नाही. आमच्या धंद्यात जुना चांगला कापूस कुणी फेकत नाही. उसवायचा, पिंजायचा, दोन दिवस उन्हं दाखवायची, नव्या खोळीत भरायचा. मी तसंच केलं. खोळ पिवळी, त्यावर बदकं. काठाला हातानं टीप घातली. ठकी दुपारी तिच्यावर दोन तास झोपते, आणि दर शनिवारी मी ती गादी याच खोलीत काठीनं बडवतो, फुलून वर यावी म्हणून. लेकीला मऊ लागावी म्हणून! मला ठाऊक नव्हतं असं नाही. धुळीतलं मला कळतं हे माझं आत्ताच मिरवून झालंय. पण एखादी गोष्ट ठाऊक असणं आणि ती स्वतःला ऐकू देणं, यांच्यामधे जाड पडदा लावायला मला घरूनच शिकवलं होतं.

ठकीनं विचारलं, बाबा, तुमचं झालं का लिहून? मी म्हणालो, एकच राहिलंय. पेन उचललं आणि पुन्हा थांबलो, मग वेळ काढायचा म्हणून दप्तरातली फाइल ओढली. आत तिच्या आईचा कागद होता. वाचायला नको होता, वाचला. तिचं अक्षर शाळकरी, ठासून लिहिलेलं. पाळीव प्राणी: मांजर होती, नऊ वर्षांची, देऊन टाकली. गालिचा: काढला. पडदे: काढले. तिच्याकडच्या नात्यात कुणालाही काही नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत विचारून घेतलं आहे, असंही लिहिलं होतं. आणि शेवटी, तुमच्या मते कारण काय असावं, या प्रश्नापुढे चार ओळी मोकळ्या सोडलेल्या होत्या, त्या तिनं भरल्या होत्या. 'पोटात असताना सातवा महिना लागेपर्यंत मी सलूनमध्ये काम केलं. दिवसभर केसांचे रंग आणि फवारे. सासूबाई म्हणाल्या होत्या त्या वासात बसू नकोस. मी ऐकलं नाही. मला वाटतं माझ्यामुळे झालं.'

सलून तिनं ठकीच्या पहिल्या धापेनंतर सोडलं. आता चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मांजर तिच्या माहेरची होती, ती टोपलीत घालून दोन तास लांबच्या मावशीकडे नेऊन सोडली, परत आल्यावर दोन दिवस जेवली नाही; हे मला ठकीनं सांगितलं होतं आणि मी म्हणालो होतो, अरेरे. अरेरे! माझ्या आईनं तिला वासात बसू नकोस म्हटलं, कारण आईला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी बाळंतपणाआधी दोन्ही घरचे आजार विचारले तेव्हा मी बायकोच्या शेजारी बसून नाही म्हणालो होतो. आम्ही मायलेक गप्प बसलो आणि ती एकटी बसली कारण शोधत, घरातली एकेक वस्तू बाहेर काढत, शेवटी काढायला काही उरलं नाही तेव्हा स्वतःलाच काढलं तिनं बाहेर. मला एकदम त्या कापड निवडणाऱ्या बाईचा आवाज आला. आणि आईचा. हो, आहे एक. 

मी सातव्या प्रश्नातलं 'सहा महिने' खोडलं. 'खोळ सहा महिने. आतला कापूस चाळीस वर्षांचा.' ओलीपुढे लिहिलं, 'आहे, रंगाखाली.' एकोणिसाव्यापुढे लिहिलं, 'स्वतः, वय चार ते आजपर्यंत. मुलीची आत्या, वय अकरा, दमा, त्यातच गेली.' दमा हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होतो. सोपा निघाला, दोनच अक्षरं. खाली जागा होती तिथं लिहिलं, की आईच्या कागदावर जे लिहिलं आहे ते बरोबर नाही, तिच्यामुळे झालेलं नाही. ठकी खुर्चीवरून उतरून माझ्या कोपरापाशी येऊन उभी राहिली होती. हल्ली तिला दिसेल ते वाचायचा नाद आहे, पाट्या, डबे, बसचे नंबर. बोट ठेवून तिनं अक्षरं जुळवली.

"आत्या," ती म्हणाली. "कुणाची आत्या?"

"तुझी."

"मला आत्या आहे?"

"होती," मी म्हणालो. "तीपण अशीच बसायची. खुर्चीवर, उलटी."

तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलतोय का ते बघत होती. मग विचारलं की तिलापण बरं वाटायचं का असं बसून. मी हो म्हणालो. मग मला ती खोली सहन होईना. दोन्ही खुर्च्या उचलल्या, शटर वर ढकललं, आणि आम्ही बाहेर फुटपाथवर, दुकानापासून जरा लांब, वाऱ्याच्या बाजूला बसलो. जेवणही तिथंच झालं, मांडीवर ताटल्या घेऊन. तिनं ताईविषयी शंभर प्रश्न विचारले. तिची वेणी कोण घालायचं, तिला गणित यायचं का, ती माझ्याशी भांडायची का, ती मोठी की मी मोठा, मग आता मी मोठा झालो तर ती कोण? निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. जी येत होती ती देताना मला नवल वाटत होतं, की एवढं माझ्यापाशी शिल्लक होतं: तिला डाव्या हातानं लिहायची खोड होती, ती पावाची कड मला द्यायची, म्हातारबुवा म्हणायची. म्हातारबुवा यावर ठकी इतकी हसली की खोकला आला, आणि मी पंप काढून दोन दाब दिले. ती उलटी बसली, मी पण तिच्यासमोर उलटा बसलो. लोक बघत जात होते. मोठ्या माणसाला हे बसणं नीट जमत नाही, गुडघे आडवे येतात. पण खरोखरच बरं वाटतं.

सहाला तिची आई आली तेव्हा आम्ही बाहेर का बसलोय हे तिनं विचारलं नाही. मी फाइल तिच्या हातात दिली आणि म्हणालो, आत्ताच वाच. ती फुटपाथवर उभ्यानंच वाचत गेली. मी तिच्या बोटाकडे बघत होतो, ते एकेक प्रश्न खाली उतरत होतं. एकोणिसाव्यावर थांबलं. मी तयारी केली होती, ती ओरडेल, कागद तोंडावर फेकेल, रस्त्यावरचे लोक थांबतील. मला जवळजवळ तेच हवं होतं. ठकी तिच्या पिशवीला लोंबकळत सांगत होती, आई, मला आत्या होती. तिनं कागदाच्या चार घड्या घातल्या.

"मी मांजर दिली रे," ती म्हणाली.

एवढंच. मग पोरीचा हात धरून कोपऱ्यापर्यंत गेली, आणि ठकीनं वळून हात हलवला तो मला दिसला. गुरुवारी तिचा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले होते. गादी बाहेर काढा म्हणाल्या, आणि मूल दुकानात नको, पुढे काय ते तीन महिन्यांनी बघू. बागेत भेटता येईल का, मी विचारलं. खोलीचं सोड, ती म्हणाली, तुझं तोंड बघायला मलाच थोडा वेळ लागेल. मी बरं म्हणालो. ठेवण्याआधी ती म्हणाली की सोमवारी ठकीला धाप लागली नाही. खोकला थोडा, वहीत लिहिण्याइतका नाही. पिवळी गादी मी त्याच रविवारी गुंडाळून मागच्या अंगणात नेली होती. कापूस आता कुणाच्या कामाचा नाही. मी तो उसवला नाही, दुसऱ्या कुणाच्या गादीत घातला नाही. कचऱ्याची गाडी येईपर्यंत दोन दिवस बदकं उन्हात पडून होती.

आज रविवार. सवयीनं नऊलाच शटर अर्धं वर केलं, आणि दहा वाजता कुणी येणार नाही हे दहा वाजेपर्यंत काही नीट कळलं नव्हतं. कप विसळलेला, उपडा. मग मी शटर पूर्ण वर ढकललं, उगीच बसून काय करायचं. साडेदहाच्या सुमारास एक बाई आल्या, चांगल्या घरच्या, दोन खुर्च्या नव्यानं शिवून हव्या होत्या. मी कापडांचे तुकडे पुढ्यात मांडले. त्या हात फिरवून बघत होत्या, हे उचल, ते ठेव, विचारत होत्या की रंग जात नाही ना, आणि माझी छाती वाजायला लागली. आठवडाभर ओलीवरचा रंग खरवडत होतो, त्याचं असेल. मी सवयीनं श्वास बारीक केला, दात मिटले, मान वळवली. बारीक शीळ आलीच. त्यांनी मागच्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, मांजर पाळलंय का?

"नाही," मी म्हणालो. "दमा आहे. मला. माझ्या बहिणीलाही होता, ती त्यानं गेली. माझ्या मुलीलाही आहे."

त्यांचा हात कापडावरून उचलला गेला. वाईट बाई नव्हत्या. अगदी हळू उचलला, मला दिसू नये अशा बेतानं. काळजी घ्या हो म्हणाल्या, घरी विचारून येते म्हणाल्या, आणि गेल्या. आई म्हणायची ते अगदी खोटं नव्हतं. मी कापडं घडी करून ठेवली. तपकिरी, हिरवं. मग मागून ठकीची खुर्ची आणली, दुकानाच्या दारात उलटी ठेवली आणि बसलो, हनुवटी दांडीवर टेकवून, शटर वरच ठेवून. छाती वाजत होती. रस्त्यानं माणसं जात होती आणि ज्यांना ऐकू जायचं त्यांना जात होतं.